शिव्यांची चाळण आणि आपली बोली



तांदूळ चाळायला बसलेली आपली आई किंवा आजी तुम्ही पाहिली आहेच. चाळणीची भोके मोठी असली तर कणीबरोबर अख्खा तांदूळही खाली पडतो. फार बारीक असली तर कणी वरच राहते. आणि तांदळाएवढाच, तांदळासारखाच पांढरा खडा असला, तर तो कोणत्याच चाळणीला सापडत नाही. तो बोटांनीच निवडावा लागतो. आज मी एका वेगळ्याच चाळणीबद्दल बोलणार आहे. माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून शिव्या आणि घाणेरडे शब्द अडवण्यासाठी संगणकात जी चाळण बसवतात, तिच्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या शेतीशी आणि शाळेशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला कसा कळला तेच प्रथम सांगतो.

आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेल्या तीन मुलांनी मालवणी शब्द गोळा करण्याचा एक प्रोग्रॅम तयार केला. कल्पना साधी होती. कोणीही आपल्या मोबाइलवरून एखादा शब्द, त्याचा अर्थ आणि तो वापरलेले एक वाक्य पाठवायचे. संध्याकाळी त्या दिवसाची यादी आसपासच्या शाळांकडे जायची. भाषेचा मास्तर म्हणून त्यांनी मला सल्ल्याला घेतले. पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी कोणा टवाळाने अशी काही वाक्ये पाठवली, की एका प्राथमिक शाळेतील बाईंचा फोन आला : "सर, ही यादी मी चौथीच्या मुलांपुढे कशी वाचू?" बाईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मुलांनी रात्री बसून चाळण लावली. शिव्यांची एक तयार यादी कुठूनतरी मिळवली आणि संगणकाला हुकूम दिला : यातला कोणताही शब्द दिसला की मजकूर नाकार.

आता ही चाळण आत कशी चालते ते पाहू. संगणकाला मराठी येत नाही. त्याला आकडे येतात. जगातल्या लिप्यांमधील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची पद्धत १९९१ पासून चालू आहे. तीत देवनागरीसाठी २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. 'मेल्या' हा आपला रोजचा शब्द घ्या. आपल्याला दोन अक्षरे दिसतात. संगणकाला सहा आकडे दिसतात : म-साठी २३५०, मात्रेसाठी २३७५, ल-साठी २३५४, पाय मोडण्यासाठी २३८१, य-साठी २३५१ आणि काना २३६६. यादीतल्या शब्दाचे आकडे आणि आलेल्या मजकुराचे आकडे ओळीने जुळले, की यंत्र म्हणते, सापडला. यादी कितीही लांब असली तरी सगळे शब्द एकाच फेरीत शोधण्याची सुरेख रीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या आहो आणि कोरासिक या दोघांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. तेव्हा शोधायला वेळ लागतो ही अडचण राहिलेली नाही. जे सापडले ते खरोखर शिवी आहे का, ही अडचण आहे.

चाळण लावली त्याच आठवड्यात एका शेतकरी बंधूंनी पाठवलेले वाक्य अडकले. त्यांनी लिहिले होते, की नारळाच्या आळ्यात गांडूळखत घातल्यापासून झाडाची तब्येत सुधारली. मुले बुचकळ्यात पडली. यात घाण ती काय? घाण कुठेच नव्हती. मात्र गांडूळ या शब्दाची सुरुवात एका शिवीशी जुळते. ती शिवी मी येथे वेगळी उच्चारत नाही, तुमच्या ध्यानात आली असेलच. यंत्राने शब्दाचे शेपूट पाहिलेच नाही. पुढे दशावतारातल्या अर्जुनाचेही तेच झाले. मुलांच्या यादीत त्याच मुळाचे आणखी रूप होते, त्यामुळे 'गांडीव' धनुष्य नाकारले गेले! जत्रेत रात्रभर ज्या धनुष्यासाठी आपण डोळे ताणून बसतो, ते यंत्राच्या लेखी अश्लील ठरले. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर आणखी गंमत. इंग्रजी स्पेलिंगने लिहिलेल्या चटणीच्या पहिल्या चार अक्षरांतही एक शिवी लपून बसलेली असते.

हा घोटाळा आपल्याकडचाच आहे असे समजू नका. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. १९९६ साली 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या सेवेत तिथल्या रहिवाशांना आपल्या गावाचे नाव घालून खाते उघडता येईना, कारण त्या नावाच्या पोटात इंग्रजी चार अक्षरांची एक शिवी होती. तेव्हापासून जगभरचे संगणकवाले अशा चुकीला स्कनथॉर्पचा घोटाळा म्हणतात. आपण त्याला गांडुळाचा घोटाळा म्हणायला हरकत नाही.

यावर उपाय सुचतो तो असा : शब्दाचा तुकडा पाहू नये, अख्खा शब्द पाहावा. इंग्रजीत हे बरेच जमते. मराठीत जमत नाही, कारण आपला शब्द एकट्याने कधी फिरत नाही. त्याच्यामागे प्रत्यय लागतात, आणि प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे रूपही बदलते. घोडा, घोड्याला, घोड्याने, घोड्याचा, घोड्यावरून. मालवणीत तर प्रत्ययही निराळे : झिलाक, झिलान, झिलाचो. म्हणजे यादीत एक शब्द लिहून भागत नाही, त्याची दहा-वीस रूपे लिहावी लागतात. शिवाय इंग्रजीसाठी घडवलेल्या कित्येक साधनांना काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे वाटतच नाहीत. मात्रा आली की शब्द संपला, असे समजून ती शब्द मधेच तोडतात. शिक्षकांनी आठवून पाहावे : पहिलीतला मुलगा 'मेल्या' वाचताना 'म' म्हणून थांबला तर आपण काय म्हणू? यंत्र तसेच थांबते.

आता टवाळाची बाजू पाहा. शब्द अडतो हे कळल्यावर तो स्वस्थ थोडाच बसतो? तो दोन अक्षरांत टिंब घालतो, फुली घालतो, मोकळी जागा सोडतो, ऱ्हस्वाचे दीर्घ करतो. डोळ्यांना न दिसणारी चिन्हेही युनिकोडमध्ये आहेत, तीही मधे बसवता येतात. मग चाळण बनवणारा म्हणतो, तपासण्याआधी आपण मजकूर साफ करू : टिंबे काढू, जादा खुणा पुसू. हे करावे लागतेच, पण जपून. मालवणच्या माणसाला पटेल असे एक उदाहरण देतो. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातला ऱ लिहिण्याच्या दोन रीती संगणकात आहेत : एका क्रमांकाचा सबंध ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली टिंब. दिसायला दोन्ही सारखेच. साफसफाई करणाऱ्याने खालचे टिंब कचरा समजून पुसले, की साऱ्या दऱ्यांचा दर्या होतो! जितकी सफाई अधिक, तितके निरपराध शब्द अधिक सापडणार. आणि सफाई कमी केली, तर टवाळ निसटणार.

थोडे गणित करू. समजा, दिवसाला १,००० वाक्ये आली आणि त्यांतली १० खरोखर घाणेरडी आहेत. चाळण चांगली आहे. दहांतली नऊ ती पकडते. चांगल्या वाक्यांच्या बाबतीत ती शंभरात फक्त पाच वेळा चुकते. ऐकायला हे ठीक वाटते. पण चांगली वाक्ये ९९० आहेत. त्यांचे शेकडा पाच म्हणजे सुमारे ५०. म्हणजे चाळणीत अडकलेल्या ५९ वाक्यांपैकी ५० निर्दोष माणसांची असतील. प्रत्येक वाक्यामागे एक माणूस असतो, आणि त्याला आपण लेखी कळवतो की तुझे बोलणे घाण आहे.

हे गणित मला एका मुलाने शिकवले. सातवीतला मुलगा. त्याला शाळेत सांगितले होते, घरात रोज कानावर पडणारे एक मालवणी वाक्य लिहून पाठव. त्याने आजीचे वाक्य पाठवले : "ऊठ रे मेल्या, शाळेत जावचा नाय काय?" क्षणात उत्तर आले : "आपला मजकूर अश्लील असल्यामुळे नाकारण्यात आला आहे." मुलाने ते उत्तर वर्गात दाखवले, मुले हसली. त्याचे गुरुजी त्याला घेऊन माझ्याकडे आले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, माझी आजी घाण बोलता काय?"

काय उत्तर देणार? मेल्या म्हणजे मेलेला, हा कोशातला अर्थ. पण आजीच्या तोंडी त्या शब्दात मरण नाही. पहाटे उठून नातवासाठी पेज करणाऱ्या बाईची ती हाक आहे. तोच शब्द बांधावरच्या भांडणात दात-ओठ खाऊन उच्चारला तर शाप होतो. आणि 'आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही' या म्हणीत तो शिवी नाही की लाड नाही, साधे व्याकरणातले रूप आहे. अक्षरे तीच, आकडेही तेच, अर्थ तीन. यंत्राजवळ आजीचा आवाज नसतो, बांधही नसतो. त्याच्याजवळ फक्त सहा आकडे असतात.

आपल्या भागातील लोकांना हे नवीन नाही. शिमग्यात ज्या बोंबा मारल्या जातात, त्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर कोणी मारत नाही. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे प्रयोग गावोगाव नेले आणि पाच हजारांवर प्रयोग झाले. त्यातले मालवणी बोलणे काही सोवळे नाही. तरी घरची वडीलधारी माणसे लेकी-सुनांना घेऊन ते पाहायला गेली आणि पोट धरून हसली. कारण कोण, कोणाला, कुठे आणि कशासाठी बोलतो आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

आता त्या पांढऱ्या खड्याकडे वळतो. आमच्या यादीला एका वाडीतले गृहस्थ फार चांगले शब्द पाठवत असत : पावसाचे, चिखलाचे, बैलांच्या रंगांचे. एके दिवशी त्यांच्या शब्दाखाली कोणीतरी लिहिले, "आधी आपली पायरी ओळखा, मग दुसऱ्यांना शब्द शिकवा." या वाक्यातले सगळे शब्द शुद्ध. शाळेच्या फळ्यावर लिहिता येतील असे. चाळणीने ते बिनबोभाट पुढे सोडले आणि संध्याकाळच्या यादीत ते छापून सगळ्या शाळांत गेले. वाचणाऱ्याला त्यातली जात बरोबर कळली. त्या गृहस्थांनाही कळली. त्यांचे शब्द यायचे बंद झाले.

म्हणजे आजीची हाक अडली आणि हा अपमान पार झाला. एकाच महिन्यात, एकाच चाळणीतून.

याला पूर्वीचाही दाखला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली आले आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. कथा महाभारतातली; पात्रे विराटाच्या दरबारातली. पण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता. शब्दांची यादी घेऊन कोणी ते नाटक तपासले असते, तर सरकारला दुखावणारा एक शब्दही हाती लागला नसता. अर्थ शब्दांच्या बाहेर, ऐकणाऱ्यांच्या मनात होता. आपला कायदाही हे ओळखतो. १९८९ चा अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा शिव्यांची यादी देऊन थांबत नाही. लोकांच्या देखत, अवमानाच्या हेतूने अपमान केला काय, हे तो विचारतो. हेतू आकड्यांत मोजता येत नाही.

अलीकडे दुसरी एक रीत आली आहे. यादी न देता यंत्राला उदाहरणे देतात. हजारो वाक्ये घेऊन माणसे प्रत्येकावर खूण करतात : हे चांगले, हे अपमानाचे, हे द्वेषाचे. त्यावरून यंत्र शेजारच्या शब्दांकडे पाहून अंदाज करायला शिकते. मराठीसाठी असे काम झाले आहे. २०२१ साली मराठीतील आक्षेपार्ह मजकुराचा एक संग्रह संशोधकांनी प्रसिद्ध केला. पुण्याच्या 'एल३क्यूब' या गटाने २०२२ साली 'महाहेट' हा संग्रह तयार केला. त्यात २५,००० हून अधिक मराठी लघुसंदेश असून द्वेषाचे, अपमानाचे, शिवीगाळीचे आणि यांपैकी काहीच नसलेले, अशा चार वर्गांत ते लावले आहेत. ही रीत यादीपेक्षा पुष्कळ बरी. पण यंत्र त्याला दाखवलेलेच शिकते. आजीचा 'मेल्या' कळावा असे वाटत असेल, तर मालवणी माणसांनी खुणा केलेली मालवणी वाक्ये त्याला दाखवावी लागतील. ते काम बाहेरून येऊन कोणी करणार नाही.

मग चाळण टाकून द्यायची का? मुळीच नाही. चौथीच्या वर्गात वाचायची यादी स्वच्छच असली पाहिजे. आम्ही चाळण ठेवली, पण तिचे काम बदलले. ते थोडक्यात सांगतो. ज्या शाळांत मुलांचे लेखन मोबाइलवरून गोळा होते, त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नाकारण्याच्या शब्दांची यादी आम्ही अगदी लहान केली. कोणत्याही तोंडी, कोणत्याही प्रसंगी ज्यांना दुसरा अर्थ नाही, तेवढेच शब्द तीत ठेवले. गांडूळ, गांडीव अशा निर्दोष शब्दांची वेगळी यादी करून यंत्राला सांगितले, यांना आधी सोड. दुसरी गोष्ट, संशयाचे सगळे नाकारायचे नाही, नुसते बाजूला ठेवायचे. रोज संध्याकाळी दोन माणसे ते वाचतात. त्यातले एक माणूस याच भागातले, बोली जाणणारे असलेच पाहिजे. एकट्याच्या हाती हे काम देऊ नये, कारण एकाला जे टोचत नाही ते दुसऱ्याला टोचते. तिसरी गोष्ट, उत्तराची भाषा. 'अश्लील' हा शब्द आम्ही काढून टाकला. आता उत्तर जाते ते असे : "आपले वाक्य एकदा वाचून मग घेऊ. उद्यापर्यंत कळवतो." चौथी गोष्ट, यादी वाचणाऱ्या कोणालाही 'हे वाक्य मला लागले' असे कळवता येते, आणि तसे कळवले की शब्द कितीही शुद्ध असोत, ते वाक्य थांबते आणि माणसांपुढे येते. पांढरा खडा निवडण्याचा हाच एक मार्ग आम्हाला दिसला. पाचवी, आपल्या चुकांची वही ठेवायची. कोणते निर्दोष वाक्य अडले, कोणते वाईट निसटले, हे महिन्याला पाहायचे आणि यादी दुरुस्त करायची.

शिक्षक मित्रांना एक खेळ सुचवतो. मोबाइल लागत नाही. मुलांकडून घरात ऐकू येणारी वाक्ये चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. फळ्यावर पाच शब्द लिहा आणि दोन मुलांना यंत्र करा : या पाच शब्दांपैकी एक जरी दिसला, तरी चिठ्ठी फेकायची, अर्थ पाहायचा नाही. शब्द निवडताना 'मर', 'जळ' असे साधे निवडा. 'मरवळ' जाईल, 'जळू' जाईल, 'अमर' नावाचा मुलगाही जाईल! मग मुलांनाच विचारा, कोणावर अन्याय झाला, आणि एकही वाईट शब्द न वापरता कोणाचे मन दुखावता येते का? व्याकरणाचा तास होईल आणि त्याहून थोडे अधिकही होईल.

त्या सातवीतल्या मुलाचे वाक्य पुढे यादीत आले. त्यापुढे अर्थ त्यानेच लिहिला : "मेल्या – आजी लाडान हाक मारता तो शब्द. रागान म्हटलो तर शिवी." मला वाटते, कोशकारालाही याहून नेमके लिहिता आले नसते. आणि ते गृहस्थ? मी आणि त्या तीन मुलांपैकी एक, असे दोघे त्यांच्या घरी गेलो. ते वाक्य आमच्या हातून सुटले, ही चूक आमची, असे सांगितले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले. शब्द अजून पाठवलेले नाहीत. त्यांच्या नावाची जागा आम्ही वहीत मोकळी ठेवली आहे.

श्रोतेहो, चाळण चाळणीचे काम करील. निवडायला मात्र बोटे आपलीच लागतील.